पाण्यातला ण

सप्तपर्णीला वास सुटला की पुण्यात दोन प्रकारची माणसं तयार होतात. एकांना जुनं काहीतरी आठवतं आणि दुसऱ्यांचं डोकं दुखतं. दुसऱ्या प्रकारची माणसं वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात, त्यामुळे त्यांची संख्या जास्त वाटते. पहिल्या प्रकारची माणसं सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवत नाहीत आणि मागच्यांच्या शिव्या खातात. परवा संध्याकाळी मी शिव्या खाल्ल्या.

हा वास धड गोड नाही आणि धड कडूही नाही. पावसाळा उरकलेला असतो, शहर वाळत घातल्यासारखं दिसतं, दुपारी ऊन चावतं. मग दिवेलागणीला कुठूनतरी हा वास खाली उतरतो, थोडा ओला, थोडा औषधी, दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडल्यासारखा. फुलं सहसा कोणी पाहिलेली नसतात. हिरवट पांढरे गुच्छ पानांत दडलेले असतात आणि मान वर करून चालण्याची सोय इथल्या रहदारीत नाही. मला मात्र तो वास कायम नारायण पेठेतल्या एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून येतो, मग मी उभा कुठेही असेन.

त्या खिडकीच्या आत आमच्या नाटकाची तालीम चालायची. शाळा सुटली की वर्ग आमचा. बाक भिंतीला लावायचे, की मधल्या मोकळ्या फरशीवर दिवाणखाना तयार. फळ्यावर त्या दिवसाचा सुविचार तसाच असायचा. नाटकात सासू-सुनेचं भांडण ऐन रंगात यायचं आणि त्यांच्या डोक्यावर 'गोड बोलण्यास मोल पडत नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं.

तालीम हा शब्द मी लोणी काळभोरहून आणला होता, पण तिथे त्याचा अर्थ वेगळा. लाल माती, लंगोट आणि खुराक. मी रोज तालमीला जातो असं आईने शेजारी सांगून ठेवलं होतं. काही दिवसांनी शेजारच्या काकूंनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि त्या आईला म्हणाल्या, "पोरगं तालमीला जातंय, पर अंगाला काय लागंना."

आई म्हणाली, "तोंडाची तालीम हाय त्यांची."

अभिनयाची याहून आटोपशीर व्याख्या मी पुढे पुष्कळ जाड पुस्तकांत शोधली. जाडी तेवढी सापडली.

तेवीस वर्षांचा होतो. त्या हंगामात माझ्याकडे तीन नाटकं होती आणि तिन्ही अजून व्हायची होती. व्हायच्या नाटकाइतकं चांगलं नाटक जगात नसतं. त्यात कोणी वाक्य विसरलेलं नसतं, पडदा अर्ध्यात अडकलेला नसतो, तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांचा फोन वाजलेला नसतो. मी सकाळी एका नाटकात असे, दुपारी दुसऱ्यात, संध्याकाळी तिसऱ्यात, आणि मधल्या वेळात बसमध्ये. हडपसरच्या गर्दीत डोळे मिटले की तिन्ही नाटकं एकमेकांत मिसळायची. जंगलातलं झाड दिवाणखान्यात येऊन उभं राहायचं, पाटलाच्या वाटणीचं भांडण सदाशिव पेठेतल्या सुनेशी व्हायचं, आणि मी त्या सगळ्यांतून हलका होऊन तरंगत गावाकडे निघालेलो असायचो. इतका सुखी मी नंतर झालो नाही. नाटकं झाली, हे त्याचं कारण असावं.

शाळेतलं नाटक त्यातलं मोठं. बाई ते बसवत होत्या. त्यांना सगळेच बाई म्हणत. आडनाव लावून हाक मारण्याइतकी सलगी कोणाची नव्हती आणि ताई म्हणण्याइतकं धाडसही. नाटक एका घराचं. चार माणसं, सगळी सुशिक्षित, सगळी सतत बोलणारी. धाकटा मुलगा प्रत्येक अंकात एकदा बाहेरून येतो, चपला काढतो आणि म्हणतो, "कोणी पाणी आणून देणार आहे का?" कोणी उठत नाही. तीन अंकांत तीनदा विचारतो, तीनदा कोणी उठत नाही आणि नाटक संपतं. धाकटा मुलगा मी होतो. पहिल्यांदा संहिता वाचली तेव्हा शेवटच्या पानावर माझ्या घशाला खरीच कोरड पडली होती. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पहिल्यांदा माझं नाव येणार होतं ते याच नाटकाच्या.

मुहूर्ताला प्रमुख पाहुणे आले. रंगभूमीच्या यज्ञात समिधा होण्याविषयी ते बोलले. बोलताना दोनदा घड्याळ पाहिलं. समिधांना इतकी घाई नसते. शाल, श्रीफळ, आभार, आभार मानणाऱ्यांचे आभार, असं सगळं यथासांग झालं. नारळ काही फुटेना. शेवटी निनादने तो खिडकीच्या कट्ट्यावर आपटला आणि पाणी सगळं बाहेर, सप्तपर्णीच्या मुळाशी गेलं. निनाद म्हणजे आमच्या नाटकातला शेजारी. कोथरूडचा, उमदा, आणि सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ असणारा.

मग वाचन सुरू झालं. माझं वाक्य आलं. मी जीव ओतून म्हटलं, "कोनी पानी आनून देनार आहे का?"

खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, परिणाम झाला.

बाईंनी चष्मा काढला. "परत म्हण."

मी परत म्हटलं. 'हाय' न येता 'आहे' आलं, याचं माझं मलाच कौतुक वाटत होतं.

"न चांगला आहे तुझा," बाई म्हणाल्या. "स्वच्छ आहे. पण या वाक्यात त्याला काम नाही. चार ण आहेत, चारही गेले."

मी म्हटलं, "करतो, बाई."

"हा मुलगा सदाशिव पेठेतला आहे. तहानेने जीव जाईल त्याचा, पण 'पानी' म्हणणार नाही. रंगीत तालमीपर्यंत बघू. नाही आला ण, तर निनाद आहेच."

रंगीत तालीम म्हणजे कपडे, दिवे, सगळ्यांसकट होणारी शेवटची तालीम. ती दिवाळीनंतर होती. बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, राग उतरतो. त्यांनी नुसतं सांगितलं होतं.

निनाद खाली चहाच्या टपरीवर म्हणाला, "टेन्शन नको घेऊस रे. इट्स जस्ट अ साऊंड. जीभ थोडी मागे वळव, टाळूला लाव आणि सोड. ण."

"न," मी म्हटलं.

"ऑलमोस्ट," निनाद म्हणाला. तो ण घेऊनच जन्माला आला होता. जन्मतः श्रीमंत असलेली माणसं पैशांबद्दल बोलतात तसं तो ण बद्दल बोलायचा. त्याला खरोखर वाटत होतं की हे काही विशेष नाही.

वर्गाच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता. माझ्या उभं राहण्याच्या जागेसमोरच. ग गवताचा, घ घराचा, आणि ण बाणाचा. बाकी सगळी अक्षरं आपापल्या चित्राच्या आधी दिमाखात उभी, आणि ण मात्र बाणाच्या शेपटीला. मराठीत ण ने एकही शब्द सुरू होत नाही. त्याला कायम पुढे कोणीतरी लागतं, रांगेत ओळखीचं माणूस लागतं तसं. इतक्या बुजऱ्या अक्षरावर माझी भूमिका अडकली होती.

बसमध्ये मी सराव करू लागलो. सोलापूर रस्त्याला मांजरी फाटा गेला की गर्दी विरळ व्हायची, खिडकीशी जागा मिळायची. बाहेर ऊस, नर्सऱ्यांच्या हिरव्या जाळ्या, मंगल कार्यालयांच्या कमानी, आणि मी तोंडातल्या तोंडात, "कोणी पाणी आणून देणार आहे का." एकदा आवाज जरा वर गेला असावा. पुढच्या बाकावरच्या मावशी वळल्या आणि पिशवीतून बाटली काढून म्हणाल्या, "घ्या दादा. तोंड लावू नका, वरनं प्या."

मला तहान नव्हती. पण "मावशी, ही नाटकातली तहान आहे" असं चालत्या बसमध्ये कसं सांगणार. प्यायलो. मग सवय झाली. त्या रस्त्यावर हे वाक्य मोठ्याने म्हटलं आणि कोणी पाणी दिलं नाही, असं फारसं झालं नाही. नाटकाचा मूळ पायाच त्या बसमध्ये लागू पडत नव्हता.

घरी तर आणखी अवघड. ओसरीवर उभा राहून मी वाक्य म्हणायचो आणि आतून भांड्याचा आवाज यायचा. आई पदराला हात पुसत तांब्या घेऊन यायची.

"अगं, नाटकातलं आहे ते."

"नाटकातली का असंना. तहान लागली म्हनल्यावर उठाया नको व्हय?"

"नाटकात कोनी उठत नाही, आई."

"का? समद्यांचं गुडघं धरल्यात का काय?" तिने खरोखरच विचारलं होतं. मी तिला आधुनिक कुटुंबातली संवादहीनता वगैरे समजावू लागलो. तिने मध्येच विचारलं, "मग त्यो सवता का घेत नाय उठून?" या प्रश्नावर आमच्या तालमीत कधी चर्चा झाली नव्हती.

दुसरं नाटक ग्रामीण होतं. त्याचे दिग्दर्शक गळ्यात गमछा घालत आणि मातीविषयी फार बोलत. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहत. मी तिथे गेलो, मोकळ्या जिभेने वाक्य म्हटलं आणि मला वाटलं, चला, इथे तरी घरी आलो.

ते म्हणाले, "छान. पण जरा मातीतलं बोल ना."

"सर, मी लोनीचाच हाय."

"असशील. पण वाटत नाहीस. हाय नाही, हाऽऽय. असा शेवटाला उचलायचा." त्यांनी उचलून दाखवला. तसा 'हाय' मी जत्रेतसुद्धा ऐकला नव्हता. तरी मी शिकलो. म्हणजे त्या हंगामात सकाळी मी माझ्या गावाचं बोलणं कर्वेनगरकडून शिकत होतो आणि संध्याकाळी ते नारायण पेठेत विसरत होतो. मधल्या वेळात जेवत होतो, ते तेवढं मूळचं.

तिसऱ्या नाटकात मी झाड होतो. बालनाट्य. स्पंजचा बुंधा, कापडी पानं, डोळ्यांपुरती दोन भोकं. वाक्य एकही नाही. राजकन्या हरवली की पानं हलवायची, सापडली की फुलं टाकायची. आत डिंकाचा आणि जुन्या कापडाचा वास यायचा, प्रकाश हिरवा होऊन यायचा, आणि मी तासभर कोणाच्याही भाषेत बोलत नसे. तालमीला आलेल्या मुलांपैकी एक फ्रॉकवाली एकदा अगदी जवळ आली, भोकातून माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "तुला पाणी कोण घालतं?"

मला संवाद नव्हता. मी पानं हलवली.

ण येत नव्हता ते ठीक होतं. मग तो नको तिथे येऊ लागला. जीभ मागे वळवायची एवढंच लक्षात राहिलं, कुठे ते राहिलं नाही. णाटक, माणसिक, जीवनाऐवजी जीवणाचा प्रश्न. दुसऱ्या अंकात बापासमोर मला म्हणायचं होतं, "माझ्या मनावर ओझं आहे, बाबा." मी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "माझ्या मणावर ओझं आहे, बाबा."

बाईंनी विचारलं, "किती मण?"

सगळे हसले. मीही हसलो. निनाद हसला नाही, खाली बघत राहिला, आणि त्याचं ते न हसणं मला जास्त लागलं. खिडकीतून वास येत होता. खाली कोणीतरी सायकल लावून त्या झाडाखाली उभं होतं, नुसतंच. मला वाटलं, आपणही खाली जावं आणि तसंच उभं राहावं. भूमिका, जाहिरात, नाव, काही नको. मग बाई म्हणाल्या, "चला, पुढे," आणि मी पुढे गेलो.

त्या दिवशी निघताना बाईंनी थांबवलं. फळ्यापाशी उभ्या होत्या, हाताला खडू लागलेला. म्हणाल्या, "तू ण वर चाल करून जातोस. तसा येत नाही तो. मागे वळून बघावं, इतकंच करायचं. कोणीतरी मागून हाक मारली, तू वळलास. जिभेने फक्त वळायचं."

मी बसमध्ये खिडकीशी बसून जीभ वळवत राहिलो. मागे वळायचं तर माझ्या जिभेला मागे लोणीच दिसणार होतं. लोणी विसरायला लोणीकडेच बघायचं, ही पद्धत मला तेव्हा फार गूढ वाटली. आता वाटतं, उच्चारशास्त्र आहे. पण गूढ वाटण्याचा तो ऋतू होता.

दिवाळी झाली. फराळाचे डबे तळाला गेले. सप्तपर्णीची फुलं गळून शाळेच्या आवारात हिरवट चुरा साचला आणि शिपाई तो रोज शिव्या देत झाडू लागले. रंगीत तालमीच्या आदल्या संध्याकाळी बस बंद पडली म्हणून मी हायवेपासून घरापर्यंत चालत आलो. धूळ, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या. घरी आलो तेव्हा आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. दिवा लागला होता, पेपरवर काड्या एकीकडे, पानं एकीकडे. मी चपला काढल्या. घसा कोरडा झाला होता. काही ठरवलं नव्हतं, काही आठवतही नव्हतं. तोंडाला जे वळण पडलं होतं ते आपोआप बाहेर पडलं.

"कोणी पाणी आणून देणार आहे का?"

आईने मान वर केली नाही. एक जुडी संपवली, दुसरी सोडली. मी उभा. ती काड्या खुडतेय, मी उभा. आत माठ होता, मधे उंबरा होता, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या वाक्याने कोणी हललं नाही.

मग माझ्या लक्षात आलं. चारही आले होते.

"आई," मी म्हटलं. "पानी."

ती दचकली. "आगं बाई, खरंच मागत व्हतास व्हय? मला वाटलं, नाटकातलं." आणि हात पुसत उठली.

मी ते पाणी प्यायलो. आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. उद्या भूमिका माझीच राहणार हे मला त्या तांब्याच्या तळाशी दिसत होतं. आणि आई समोर उभी राहून, रिकामा तांब्या परत घ्यायला हात पुढे करून, माझ्याकडे जरा परक्यासारखं बघत होती. दारात आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालमीत मी वाक्य म्हटलं. बाई अंधारात बसल्या होत्या. तिथून "बरं," एवढंच आलं. बाईंच्या शब्दकोशात यापुढचा पुरस्कार नव्हता. निनाद विंगेत मला भेटला आणि त्याने माझी पाठ थोपटली. जाहिरातीत माझं नाव आलं, एक वेलांटी चुकवून. ग्रामीण नाटकाचे दिग्दर्शक त्याच आठवड्यात म्हणाले, "अरे, तुझं ते गावाकडचं कुठे गेलं? आता एकदम पुणेरी वाटायला लागलास." मी 'हाऽऽय' उचलून दाखवला. त्यांचं समाधान झालं.

शुभारंभाला आई आली होती. मधल्या रांगेत, इस्त्रीच्या लुगड्यात, मांडीवर पिशवी धरून. तिसऱ्या अंकात मी शेवटचं विचारलं. रंगमंचावर कोणी उठलं नाही. प्रेक्षागृहात शांतता होती, या वेळी खरी. पडद्यानंतर शाल, श्रीफळ, आभार, आभार मानणाऱ्यांचे आभार. ती सगळी रांग ओलांडून आई रंगपटात आली, पिशवीतून बाटली काढली आणि मी मागायच्या आधी पुढे केली.

"एवढी मानसं बसली व्हती," ती म्हणाली, "येक बी उठलं न्हाय." मग पिशवीचे बंद आवळत, "मी बी नाय उठले. तू म्हनला व्हतास ना."

नाटकाचे प्रयोग बरे झाले. नंतर आणखी नाटकं आली, ण पक्का झाला. आता एका हेल्पलाइनवर माझा आवाज आहे. खात्याविषयी माहितीसाठी कोणता आकडा दाबावा ते मी शुद्ध मराठीत अखंड सांगत असतो. हाऽऽय करायलाही कधीमधी बोलावतात. स्वप्नात कोणत्या भाषेत बोलतो ते ठाऊक नाही. स्वप्नात मी बहुधा झाड असतो.

परवा सिग्नलवरच्या शिव्या खाऊन मी घरी न जाता गाडी तशीच सोलापूर रस्त्याला लावली. आता तिकडे मंगल कार्यालयं जास्त आणि ऊस कमी. आई ओसरीवरच होती, खुर्चीत. खाली बसणं तिने सोडलंय. मी चपला काढल्या. ओसरीच्या पायरीवर टेकलो. प्रवासाने घसा सुकला होता. पुन्हा तेच झालं, ठरवल्याशिवाय.

"कोणी पाणी आणून देणार आहे का?"

तिने माझ्याकडे बघितलं. या वेळी तिने विचारलं, "नाटकातलं, का खरं?"

मी गाडीची किल्ली खिशात ठेवली.

"खरं हाय," मी म्हटलं. हाय साधाच आला, न उचललेला.

"मग घे की आतनं. माठ हाय तिथंच हाय," आई म्हणाली. "गुडघं धरल्यात माजं. आन् येताना मला बी आन."

मी उठलो.